नववीचं भौतिकशास्त्र आणि गणित: "समजतं, पण सुटत नाही" (इंदूर)

राजेंद्रनगरची_आई | ३० ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, सीबीएसई, इंग्रजी माध्यम. आठवीपर्यंत काळजी नव्हती. परवा युनिट टेस्टचे पेपर मिळाले. गणितात ४० पैकी ३१, विज्ञानात ४० पैकी १९. भौतिकच्या पाच न्यूमेरिकलपैकी एकच बरोबर, दोन तर कोरीच सोडलेली.

तिला रागावले नाही. जवळ बसवून विचारलं, तर म्हणाली, "आई, सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं समजतं गं. पेपर पुढ्यात आला की पहिली ओळच सुचत नाही." मी वही उघडून पाहिली. सगळी उदाहरणं उतरवलेली, चौकटीत उत्तरं, एकही खाडाखोड नाही. रोज दोन तास बसते. आळशी नाही हो पोरगी, हे मी आई म्हणून सांगत नाही, मी रोज बघते.

मी वाणिज्य शाखेची. हिचे बाबा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. शेजारच्या वहिनी म्हणतात भंवरकुवाँच्या कोचिंग क्लासात फाउंडेशन बॅचला (पुढच्या प्रवेशपरीक्षांची पूर्वतयारी) घाला, आत्ताच नाही घातलं तर अकरावीत रडाल. जाण्यायेण्यात रोजचा तास-सव्वा तास जाईल याचीच भीती वाटते.

आणखी एक. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी हिंदी. याचा काही अडथळा होत असेल का? छमाही १५ सप्टेंबरपासून आहे.

---

निवृत्त_मास्तर | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:४०

ताई, "एकही खाडाखोड नाही" असं तुम्ही लिहिलंत, माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं.

मी ३१ वर्षं इंदुरातल्याच एका शाळेत भौतिकी शिकवली, हिंदी माध्यम, एमपी बोर्ड. फळ्यावर उदाहरण सोडवत असताना वर्ग माना डोलावतो आणि त्या माना खोट्या नसतात. त्या क्षणी मुलांना खरंच समजलेलं असतं. पण ती माझ्या मागोमाग चाललेली असतात. राजवाड्याकडून बोळाबोळांतून सराफ्यात कुणी बरोबर घेऊन गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी एकट्याला वाट सापडत नाही, तसं आहे ते.

म्हणून पहिलं काम. सोडवलेलं उदाहरण एकदा नीट वाचायचं, पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि कोऱ्या कागदावर तेच उदाहरण सोडवायचं. पेन जिथे थांबेल तिथे कागदावर फुली मारायची. ती फुली म्हणजे तिला नेमकं काय समजलेलं नाही ते. दोन तासांत दहा उदाहरणं उतरवण्यापेक्षा अशी तीन झाली तरी पुष्कळ. कागद घाण दिसेल, दिसू द्या.

दुसरं, सूत्र शोधायच्या आधी अंदाज. एक उदाहरण देतो, तिच्याकडून करून घ्या. स्कूटर ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. ब्रेक लावल्यावर एकसारखी मंद होत ५ सेकंदांत थांबते. ब्रेक लागल्यापासून किती अंतर गेली?

मुलं लगेच तीन समीकरणं लिहितात आणि कुठलं लावायचं याचा विचार करत बसतात. ते करू देऊ नका. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेक लागलाच नसता तर ५ सेकंदांत ५० मीटर गेली असती. म्हणजे उत्तर ५० पेक्षा कमी. वेग १० वरून शून्यावर एकसारखा उतरतोय, म्हणजे सरासरी वेग ५. पाच पंचे पंचवीस. सूत्राला हातही न लावता उत्तर आलं.

आता तिला आलेख काढायला सांगा. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर वेग. १० वरून सुरू होऊन ५ सेकंदांवर जमिनीला टेकणारी तिरकी रेघ. खाली त्रिकोण तयार होतो. पाया ५, उंची १०, क्षेत्रफळ २५. प्राथमिक शाळेतलं त्रिकोणाचं क्षेत्रफळ इथे मीटर होऊन येतं! हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा मुलांचे डोळे कसे होतात ते मी इतक्या वर्षांत विसरलेलो नाही.

आणि मग सूत्र. अंतर म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग. पहिला भाग म्हणजे ५० चा पूर्ण आयत. दुसरा भाग म्हणजे ब्रेकमुळे कापला गेलेला वरचा त्रिकोण, इथे त्वरण उणे २, म्हणून उणे २५. सूत्र म्हणजे हेच चित्र, अक्षरांत लिहिलेलं. असं एकदा बघितलं की पाठ करावं लागत नाही आणि पेपरात घाबरून विसरलं तरी परत काढता येतं.

शेवटी तिला विचारा, ब्रेक तेच, पण वेग दुप्पट, ताशी ७२. आता थांबायला किती अंतर लागेल? बहुतेक मुलं ५० म्हणतात. त्रिकोण काढा: उंची दुप्पट, पायाही दुप्पट, कारण थांबायला आता १० सेकंद लागतात. १०० मीटर, चौपट. उद्या ती एबी रोडवर गाडी चालवणार आहे, तिला हे माहीत असायला हवं.

क्लासबद्दल मी काही म्हणत नाही. तीन आठवडे हे करून बघा, मग ठरवा.

---

वैशालीनगरकर | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:०५

काकांच्या पोस्टला अनुमोदन. फक्त एक जोडतो: पहिल्या ओळीत दिलेली माहिती एककांसकट लिहायची सवय लावा. माझ्या मुलाचे अर्धे गुण किलोमीटर प्रति तास तसेच ठेवल्यामुळे जायचे. १००० भागिले ३६०० हे एकदा स्वतः करून बघितलं की ३.६ कुठून येतो ते कळतं आणि भागायचं की गुणायचं हा गोंधळ संपतो.

---

खंडवा_रोड | ३१ ऑगस्ट, दुपारी ३:३०

काकू, मी आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नववीपासून फाउंडेशन बॅचला होतो, म्हणून लिहितोय. क्लासचं नाव घेत नाही, शिकवणारे सर मनापासून शिकवायचे.

माझं काय झालं ते सांगतो. शीटवर वर लिहिलेलं असायचं "गतीचं तिसरं समीकरण" आणि खाली त्याच प्रकारची चाळीस गणितं. पहिली चार विचार करून व्हायची, उरलेली छत्तीस हात आपोआप करायचा. छान वाटायचं. मग दोन महिन्यांनी सगळे धडे एकत्र असलेला पेपर यायचा आणि मी हरवायचो, कारण कुठलं समीकरण लावायचं हे मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. ते शीटच्या मथळ्यात लिहिलेलं असायचं.

कॉलेजात आल्यावर यावरचा एक अभ्यास वाचला. डग रोहरर आणि केली टेलर, अमेरिकेतलं दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठ, २००७. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका आकृतीची सगळी गणितं एकदम केली, मग दुसरीची. दुसऱ्या गटाने मिसळून केली. सराव चालू असताना पहिला गट बराच पुढे होता, ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांचे फक्त ६०. एका आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या गटाचे २० टक्के आणि मिसळवाल्यांचे ६३. सराव करताना जे सोपं वाटतं ते टिकत नाही, हे मी अंगावर घेतलेलं होतं, इथे आकड्यांत दिसलं.

मी आता माझ्या आतेबहिणीला असं करायला लावतो: गती, बल, गुरुत्वाकर्षण, कार्य-ऊर्जा, प्रत्येक धड्यातली पाच-सहा गणितं चिठ्ठ्यांवर लिहायची, धड्याचं नाव लिहायचं नाही, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. रोज चार काढायच्या. आधी फक्त सांगायचं की हे कशाबद्दल आहे आणि का, मग सोडवायचं. पहिले आठ दिवस ती चिडली होती. चिडचिड होणारच, तेवढी सोसा.

---

सवायकी | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१८

मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातली. वय ७४. सगळे समजण्याबद्दल बोलता आहात, ते योग्यच आहे. पण पाठांतराला इतकं दूर लोटू नका. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणायला लावत. सात अडीचके साडेसतरा हे जिभेवर होतं म्हणून डोकं पुढच्या पायरीचा विचार करायला मोकळं राहायचं. नातू नववीत आहे, १२ गुणिले १५ साठी कागद घेतो आणि परत येईपर्यंत मूळ प्रश्न काय होता ते विसरतो. त्याला भौतिक अवघड जात नाही, वाटेतला गुणाकार अवघड जातो.

---

निवृत्त_मास्तर | ३१ ऑगस्ट, रात्री ८:५०

आजी, शंभर टक्के. तीसपर्यंतचे पाढे, तीसपर्यंतचे वर्ग, अपूर्णांकांची भाषा, हे तोंडावर हवंच. माझं म्हणणं सूत्रांपुरतं. पाढे पाठ, सूत्रं चित्रासकट.

---

राजेंद्रनगरची_आई | ७ सप्टेंबर, रात्री ९:४५

आठवडा झाला म्हणून लिहिते. कोऱ्या कागदाचा उपाय पहिल्या दिवशी रडण्यात गेला. "मला येत होतं, आता येत नाही" म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून बसली.

फुल्या मी साठवून ठेवल्या. काल रात्री दोघींनी समोर मांडल्या. सतरा फुल्या होत्या, त्यातल्या नऊ पहिल्याच ओळीतल्या. गणिताशी त्यांचा संबंधच नव्हता! "कम्स टू रेस्ट" म्हणजे शेवटचा वेग शून्य, "ड्रॉप्ड" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, "युनिफॉर्म" म्हणजे बदलत नाही. तिला शब्दांचा अर्थ येतो, पण त्या शब्दात एक आकडा लपलेला आहे हे तिच्या लक्षात येत नव्हतं. कोरी सोडलेली दोन गणितं तिला परत दिली. "फ्रॉम रेस्ट" दिसल्याबरोबर तिने शून्य लिहिलं आणि पुढचं आपलं आपण झालं. मला काही शिकवावं लागलं नाही, मी तिथे कणीक मळत होते.

---

लष्करची_लेक | ८ सप्टेंबर, सकाळी ११:२०

ताई, भाषेचं विचारलं होतंत, ते राहून गेलं. मी ग्वाल्हेरात हिंदी माध्यमात शिकले, घरी मराठी. द्रव्यमान शाळेत, वस्तुमान घरी. भार शाळेत, वजन घरी. घनत्व आणि घनता. खूप वर्षं मला तो त्रास वाटायचा. नंतर लक्षात आलं की माझी खरी तपासणी तिथेच होत होती. मी आजीला शाळेतलं मराठीत सांगायला लागले की अडखळायचे, कारण पाठ केलेलं वाक्य मराठीत नसायचंच, अर्थ माहीत असेल तरच वाक्य तयार व्हायचं.

आजीने एकदा विचारलं, "वजन आणि वस्तुमान वेगळं कसं गं? दुकानदार तर किलोतच वजन देतो." तिला चंद्रावरच्या तांदळाच्या पिशवीचं सांगितलं. पाच किलोची पिशवी चंद्रावर नेली तर उचलायला सहापट हलकी लागेल, पण भात तेवढ्याच माणसांना पुरेल. भात म्हणजे वस्तुमान, हाताला लागणारा भार म्हणजे वजन. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, आजीने विचारलं म्हणून सुचलं.

घरात मोठं माणूस असेल तर रोज दहा मिनिटं मुलीला त्यांना मराठीत सांगू दे. न कळल्यावर "कळलं नाही" म्हणणारं माणूस हवं.

---

केंद्राच्या_शेजारी | ८ सप्टेंबर, रात्री १०:०२

राजेंद्रनगर म्हणजे तुम्ही राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रापासून अगदी जवळ. मुलीला सांगा, तिथे इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं यंत्र, आहे, सुमारे १७२ मीटर परिघाचं. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला ३० कोटी मीटर धरा. एका सेकंदात किती फेऱ्या? भागाकार फक्त. १७ लाखांच्या वर येतात. घरापासून काही मिनिटांवर हे चालतं आणि नववीचं सूत्र त्याला पुरतं, हे कळल्यावर माझा मुलगा कितीतरी वेळ गप्प बसला होता.

आणि एक प्रयोग सुचवतो, कारण कागदावरच्या गणिताला कधीतरी ऊन लागायला हवं. २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी भर माध्यान्ही उभ्या काठीच्या टोकाशी सूर्यकिरण जो कोन करतो तो म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. गच्चीत १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण त्याच्या पश्चिमेला ७५.९ वर. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे २६ मिनिटं उशीर. सप्टेंबरच्या या सुमाराला सूर्य घड्याळाच्या सरासरी वेळेच्या ७-८ मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. १२:१० पासून दर दोन मिनिटांनी खूण करत राहा, सगळ्यांत आखूड सावली घ्या.

टॅन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) दहावीत येतं, तिला अजून नाही. हरकत नाही, प्रमाणात चित्र काढायचं: १० सेंटीमीटर उंची, सावली त्याच प्रमाणात, आणि कोनमापक. समरूप त्रिकोणच तो. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं.

---

राजेंद्रनगरची_आई | २८ सप्टेंबर, दुपारी २:१५

छमाही संपली, पेपर अजून हाती आलेले नाहीत. भौतिकचं एकही न्यूमेरिकल कोरं सोडलं नाही म्हणाली. एकात चिन्ह चुकलं हे तिला बाहेर आल्यावर स्वतःलाच कळलं, तेवढंही मला खूप वाटतं. क्लासचं दिवाळीपर्यंत पुढे ढकललंय.

सावलीचा प्रयोग २३ ला नाही झाला, ढग होते. आज रविवार, आज केला. पुढचं तीच लिहितेय.

काका, नमस्कार. मी आधी २२.७ अंशाचं, म्हणजे इंदूरच्या अक्षांशाचं, चित्र काढून अंदाज केला होता, सावली ४२ सेंमी यायला हवी. पण ४६ आली. सगळ्यांत आखूड १२:१६ आणि १२:१८ ला. मी काठी परत ओळंब्याने तपासली, सरळ होती. टेप बाबांची आहे, स्टीलची. सावलीचं टोक थोडं पुसट होतं, पण ते एखाद्या सेंटीमीटरचं, चारचं नाही. चित्रात कोन पावणेपंचवीस येतो. भूगोलाच्या नकाशात बघितलं तर तो गुना शहराचा अक्षांश आहे. म्हणजे दोनशे किलोमीटरची चूक. माझं काय चुकलं?

---

निवृत्त_मास्तर | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

बाळा, तू काठी तपासलीस, टेप तपासलीस, टोकाची पुसटता तपासलीस. ती पुसटता सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे म्हणून येते. आता एकच गोष्ट तपासायची राहिली. सूर्य विषुववृत्तावर होता हे आपण गृहीत धरलं होतं. तो यंदा तिथे २२ च्या रात्री होता. तू मोजलंस २८ च्या दुपारी. मधे साडेपाच दिवस गेले. या दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.४ अंश दक्षिणेला सरकतो. गुणाकार कर आणि तुझ्या कोनातून वजा कर. मी उत्तर लिहीत नाही.

---

राजेंद्रनगरची_आई | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०४

काका, मीच लिहितेय, आईच्या खात्यावरून. ५.५ गुणिले ०.४ म्हणजे २.२. पावणेपंचवीसमधून २.२ गेले, २२.५५ राहिले. इंदूरच आलं! काठी बरोबर होती!

म्हणजे पुढच्या रविवारी, ५ ऑक्टोबरला, कोन अजून ७ गुणिले ०.४, म्हणजे २.८ ने वाढेल. साडेसत्तावीस. त्याचं चित्र आत्ताच काढलं, सावली ५२ सेंमी यायला हवी. वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय आणि आजीची सही घेतली आहे. ढग नसले तर रविवारी मोजून इथे टाकते.